आबांच्या किल्ल्याचे एकोणचाळीस दिवस

आधी चहा ओता, मग सांगतो. खरं म्हणजे ही गोष्ट मी कुणाला सांगू नये असं वैशालीचं, म्हणजे माझ्या बायकोचं, मत आहे. पण ती स्वतः दाल बाजारात हळद घेता घेता दुकानदाराला सगळं सांगून आली आहे. मग आता लपवून काय उपयोग? निदान माझ्या तोंडून ऐका. माझ्या तोंडून ऐकलंत तर मी थोडा कमी मूर्ख दिसेन, अशी मला आशा आहे.

तर मी कॉम्प्युटरवाला. शहरातल्या लष्कर ह्या भागातल्या एका कॉलेजात गेली वीस वर्षं तिथली मशीनं सांभाळतो. लिनक्स म्हणू नका, डिस्क म्हणू नका, वायरी म्हणू नका, सगळं येतं. फक्त माझा एक दोष आहे, आणि तो माझ्या आईने मी पाचवीत असतानाच ओळखला होता. मी हातात काम घेतो आणि बघत भलतीकडेच बसतो. खिडकीतून एखादा ढग जात असला की माझं अर्धं लक्ष त्याच्याबरोबर जातं, आणि उरलेलं अर्धं तो परत कधी येईल याची वाट बघत बसतं. बाकी माणूस मी चांगला आहे.

माझी सासुरवाडी हजीऱ्यात, किल्ल्याखालच्या वस्तीत. मराठा घर. पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे उत्तरेत आले आणि मग परत जायचं राहूनच गेलं. सासरे, म्हणजे आबा, जमिनीची मोजणी करणाऱ्या खात्यातून रिटायर झाले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतांचे, नाल्यांचे, रस्त्यांचे नकाशे काढले. रिटायर होऊन काही वर्षं झाल्यावर एका सकाळी ते गच्चीवर गेले, समोर किल्ला बघितला आणि त्यांच्या मनात आलं की ह्याचं आपण कधी काहीच काढलं नाही. मग त्यांनी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी परत काढला.

तेव्हापासून नऊ वर्षं हा माणूस रोज सकाळी साडेसहाला किल्ल्याचा एक फोटो काढतो आहे. गच्चीच्या कोपऱ्यात सिमेंटचा एक खांब बांधून घेतलाय, त्यावर कॅमेरा. जागा तीच, कोन तोच. मोजणीवाला माणूस, सुताइतका फरक चालायचा नाही. ताप आला तर सासूबाई काढणार, दोघं गावाला गेले तर गार्गी काढणार. गार्गी म्हणजे माझ्या मेव्हण्याची मुलगी, कॉलेजात आहे. मी तिच्या आत्याचा नवरा, म्हणजे मराठीत आतोबा. पण आतोबा हा शब्द तिला इतका हास्यास्पद वाटतो की ती मला सरळ फूफाजी म्हणते. असो.

मुद्दा असा की नऊ वर्षांत एका सकाळीही खाडा नाही. आणि आबांच्या पंचाहत्तरीला हे सगळे फोटो एकापुढे एक जोडून त्यांची एक फिल्म करायची, असं घरात ठरलेलं होतं. एका सेकंदात सहा सकाळी. म्हणजे एक वर्ष साधारण एका मिनिटात, आणि आबांची नऊ वर्षं नऊ मिनिटांत.

आता हे एवढे फोटो ठेवायचे कुठे? तिथे मी आलो. जावई कॉम्प्युटरवाला असल्यावर सासऱ्याने पेन ड्राइव्ह वापरायचा म्हणजे माझी अब्रूच गेली. मी त्यांना नेटवर्कवरचा डबा आणून दिला. जिन्याखाली हा डबा, त्याला दोन कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक डिस्क. वरच्या खोलीत एक छोटा लिनक्सचा कॉम्प्युटर, आणि मध्ये वायर. एक डिस्क मूळ, दुसरी तिची प्रत. कॅमेऱ्यातून फोटो आपोआप मूळ डिस्कवर जाणार. कार्ड भरू नये म्हणून ते आपोआप रिकामं होणार. आणि कॉम्प्युटर जेव्हा जेव्हा सुरू होईल तेव्हा तो आधी दोन्ही डिस्क शोधणार आणि मूळ जशी आहे हुबेहूब तशी प्रत करून टाकणार. मूळमध्ये जे आहे ते प्रतीत घालायचं, मूळमध्ये जे नाही ते प्रतीतून पुसायचं. सगळं आपोआप. त्या घरात आपोआप हा शब्द मी इतक्यांदा उच्चारलाय की तो त्यांना माझं आडनाव वाटत असेल.

एक छोटी गोष्ट राहिली होती. मशीनला डिस्क ओळखता यायला हवी ना? त्याचे दोन मार्ग. एक म्हणजे जी आधी सापडली ती पहिली, जी मागून सापडली ती दुसरी. पंगतीत पहिल्या पाटावर बसला तो आजोबा, असं समजण्यातला प्रकार. दुसरा मार्ग शहाण्यांचा. प्रत्येक डिस्कला तिचा स्वतःचा एक लांबलचक नंबर असतो, जगात दुसऱ्या कुणाचा नसतो. तो नंबर लिहून ठेवायचा. मग डिस्क कुठल्याही पाटावर बसवा, मशीन तिला बरोबर ओळखतं. कॉलेजात मी दरवर्षी सगळ्यांना हेच घोकून घेतो. जागेवरून ओळखू नका, नंबरवरून ओळखा.

आणि आबांकडे मी काय केलं होतं? जागेवरून. नंबर लिहिणारच होतो, देवाशपथ. पहिले चार आकडे लिहिलेही होते. तेवढ्यात खिडकीतून बघितलं तर किल्ल्यावर काळा ढग उतरला होता, तटाची वरची कड तेवढी दिसत होती, खालचं सगळं गायब. सासूबाईंनी चहा आणला. मी म्हटलं, नंतर लिहू. घरचंच तर आहे, ह्या दोन डिस्कची जागा कोण बदलायला येणार आहे?

आता खंडेनवमीला येऊ.

तुमच्याकडे शस्त्रपूजा कशी होते मला माहीत नाही. आमच्या सासुरवाडीत ती अशी होते की घरात जे जे कामाचं, ते ते त्या दिवशी पाटावर येतं. पणजोबांची तलवार मध्ये. तिच्या एका बाजूला आबांची मोजणीची दुर्बीण, दुसऱ्या बाजूला सासूबाईंचं शिवणयंत्र, मिक्सरचं भांडं, गार्गीचा लॅपटॉप, मेव्हण्याच्या गाडीची किल्ली. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल. दरवर्षी डब्यालाही जिन्याखाली जागच्या जागी कुंकू लागायचं. यंदा सासूबाई तबक घेऊन जिन्यापाशी आल्या आणि थबकल्या.

"मिलिंदराव, फोटो ह्या डब्यात आहेत की आत काही आहे?"

"आत डिस्क आहेत ना आई. डबा नुसता वरून."

"मग इतकी वर्षं आम्ही डब्याचीच पूजा करून राहिलो? म्यानाला कुंकू लावतं का कुणी? तलवार उपसून ठेवलीय ना पाटावर? मग हेही उपसा."

आता सांगा, ह्याच्यावर कुठला जावई काय बोलणार? मला तर ते इतकं पटलं की वाटलं, हे आपल्या कसं लक्षात आलं नाही. मी वर जाऊन कॉम्प्युटर रीतसर बंद केला, डबा बंद केला, आणि दोन्ही डिस्क काढून पाटावर तलवारीशेजारी ठेवल्या. सासूबाईंनी मऊ फडक्याने त्यांची धूळ पुसली. दोन्ही दिसायला एकसारख्या, काळ्या, चौकोनी. जुळ्या बहिणींनासुद्धा आई ओळखते, पण ह्यांची आई कोण होती?

"कुठली कुठची ते कळेल ना?" सासूबाई म्हणाल्या. "एकीला लाल दोरा बांधून ठेवते."

"लागत नाही आई. मशीन आपोआप ओळखतं."

"पण कशावरून ओळखतं? आमची वाटी शेजारी मिश्रांकडे गेली तरी घरी परत येते, कारण तिच्यावर नाव कोरलेलं आहे. ह्यांच्यावर आहे का काही कोरलेलं?"

"आहे की. प्रत्येकीचा नंबर असतो."

"आणि मशीन तो नंबर वाचतं?"

इथे मी खरं बोलायला हवं होतं. नाही आई, वाचत नाही, वाचायला लावायचं माझ्याकडून राहिलंय, बांधा दोरा. एवढं म्हटलं असतं तर आज मी हा चहा मान वर करून पीत असतो. पण शेजारी आबा बसले होते, मेव्हणा होता, गार्गी होती, आणि सगळे माझ्याकडे अशा कौतुकाने बघत होते की बस.

"वाचतं," मी म्हणालो.

आबा हळूच म्हणाले, "बघा हं जावईबापू. माझी नऊ वर्षं आहेत त्यात."

आरती झाली. मी पाटासमोर मांडी घालून बसलो होतो आणि खिडकीतून ऊन आत आलं. ते आधी तलवारीवर पडलं, मग सरकत सरकत त्या दोन डिस्कवर आलं. आणि माझी नेहमीची समाधी लागली. मला वाटलं, केवढ्याशा ह्या दोन लोखंडी पाट्या, आणि ह्यांच्या पोटात तीन हजारांहून जास्त सकाळी झोपल्या आहेत. धुक्याच्या सकाळी, उन्हाळ्यात गरम वाऱ्याची लू सुटायच्या आधीच्या पांढऱ्या सकाळी, पावसाने धुतलेल्या सकाळी. प्रत्येकीत तोच किल्ला, आणि एकीतही तो सारखा नाही. झेंडूचं फूल डोक्यावर घेऊन त्या सगळ्या शांत पडल्या होत्या. मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्या उचलून परत कप्प्यात बसवताना कुठली डाव्या हाताला होती आणि कुठली उजव्या, हा विचार माझ्या डोक्याला शिवलासुद्धा नाही.

डबा सुरू केला, कॉम्प्युटर सुरू केला. दोन्ही कप्प्यांचे हिरवे दिवे लुकलुकायला लागले. ते नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लुकलुकत होते. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "पूजा पावली बघा." आणि आम्ही सगळे पुरणपोळी जेवायला बसलो.

आम्ही जेवत असताना जिन्याखाली काय चाललं होतं ते मला आता अगदी डोळ्यांसमोर दिसतं. प्रत म्हणून जी डिस्क होती ती पहिल्या पाटावर बसली होती. मशीनने तिलाच मूळ मानलं. तिच्यात शेवटचा फोटो पोळ्याच्या दिवसाचा होता, कारण त्या दिवशी वीज गेली होती, इन्व्हर्टरही बसला होता, आणि कॉम्प्युटर शेवटचा सुरू झाला होता तो तेव्हाच. मग मशीनने दुसऱ्या डिस्कमध्ये डोकावून बघितलं. अरे, हिच्यात तर एकोणचाळीस दिवस जास्तीचे आहेत. मूळमध्ये नसलेले. पुसा. आणि पुसले. आपोआप.

मला हे कळलं आठ दिवसांनी. गार्गीचा फोन आला.

"फूफाजी, आबांचा बर्थडे आ गया ना, फोटो द्या मला. फिल्म बनानी है, रेंडर करायला टाइम लागतो."

कॉलेज सुटल्यावर मी हजीऱ्याला गेलो, वरच्या खोलीत बसलो, फोटोंची यादी उघडली. पोळा. त्याच्या खाली दसरा. मी वर-खाली केलं. पोळा. दसरा. मध्ये गणपती नाहीत, पितृपक्ष नाही, नवरात्र नाही. मी मशीन बंद करून चालू केलं, चष्मा पुसला, पाणी प्यालो. मग दुसरी डिस्क बघितली. पोळा, दसरा. माझी प्रत माझ्या आज्ञेनुसार हुबेहूब होती. मग पुसलेलं परत आणायच्या मला येत होत्या तेवढ्या सगळ्या युक्त्या करून बघितल्या. त्या जागेवर दसऱ्यापासूनच्या नव्या सकाळी आणि मशीनच्या स्वतःच्या नोंदी येऊन बसल्या होत्या. हाती आलं ते अर्धवट तुकडे, राखाडी पट्टे.

मी तीच यादी पडद्यावर बोट ठेवून परत एकदा वाचली.

तेवढ्यात आबा स्वतः चहा घेऊन वर आले. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, जिना चढून, जावयासाठी.

"सगळं ठीक?"

"एकदम ठीक, आबा."

ते माझ्या शेजारी बसले, किल्ल्याकडे बघत. "मला काही फार कौतुक नकोय बघा. फोटो चांगले आहेत की वाईट, ते लोक ठरवतील. मला फक्त एवढंच बघायचंय की एकही खाडा नाही. आमच्या खानदानात लोक लढाया हरले असतील, पण हजेरी नाही चुकवली कुणी."

त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि ते खाली गेले. मी तो चहा प्यालो. गार झाला होता, तरी प्यालो.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच सांगून मोकळं व्हायचं. मीही स्वतःला तेच म्हणत होतो. सांगायला म्हणून दोनदा जिन्यापर्यंत गेलो आणि दोनदा परत आलो. तिसऱ्यांदा खिडकीत उभा राहिलो. समोर किल्ला, संध्याकाळच्या उन्हात लांबच लांब पसरलेला. आणि माझ्या डोक्यात एक विचार आला. तो इतका सुंदर होता की मी त्याच्या प्रेमातच पडलो.

किल्ला बदलतो का हो?

शेकडो वर्षं जो तिथून हलला नाही, तो एका वर्षात कुठे जाणार आहे? गेल्या वर्षीच्या त्याच तारखांचे एकोणचाळीस फोटो घ्यायचे, त्यांच्यावर यंदाची तारीख घालायची, रिकाम्या जागेत ठेवायचे. तोच खांब, तोच कोन, तीच सकाळ. पाऊस थोडा इकडे-तिकडे झाला असेल, पण कुठल्या मंगळवारी ढग होता हे कोण लक्षात ठेवतं? मी स्वतःला असंही समजावलं की किल्ल्याच्या हिशोबाने बघितलं तर वर्ष म्हणजे काहीच नाही. अपराधी माणसाला तत्त्वज्ञान फार लवकर सुचतं.

अर्ध्या तासात काम झालं. फोटो एकेक तपासलेसुद्धा, अगदी जबाबदारीने. म्हणजे आकाश तपासलं. कुठे फार निळं नाही ना, कुठे फार काळं नाही ना. आकाश सगळं जमून आलं होतं. गार्गीला फोटो पाठवले आणि घरी जाऊन शांत झोपलो.

पंचाहत्तरी रविवारी होती, सकाळी अकरा वाजता. हजीऱ्याच्या घरात खालच्या खोलीचे पडदे ओढून अंधार केलेला, भिंतीवर पांढरी चादर, तीस-चाळीस माणसं. नातेवाईक, आबांच्या खात्यातले जुने लोक, शेजारचे मिश्राजी सहकुटुंब. आणि मला कुठे बसवलं? पहिल्या रांगेत, गादीवर, आबांच्या शेजारी. मांडीवर शाल आणि नारळ. कारण आबांनी आधीच जाहीर केलं होतं की ही नऊ वर्षं टिकली ती जावईबापूंमुळे.

फिल्म सुरू झाली.

काय सांगू, ती खरंच सुंदर होती. किल्ला जागचा हलत नव्हता आणि तरी श्वास घेत होता. धुकं यायचं, त्याला पुसून टाकायचं, परत द्यायचं. एका वर्षीचा पाऊस दहा सेकंदांत सगळ्या टेकडीला हिरवं करून जायचा आणि मग ती हळूहळू पिवळी पडायची. आकाशात ढग पळत होते, आणि खाली तो आपला स्वस्थ. आबा पुढे वाकून बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मला वाटतं ते मोजत होते.

आठवं वर्ष लागलं. पावसाळा आला. आणि चादरीच्या डाव्या कोपऱ्यात, खाली, एक माणूस प्रकट झाला.

बनियन, खांद्यावर हिरवा टॉवेल, तोंडात ब्रश. गच्चीच्या कठड्याला टेकून किल्ल्याकडे बघत उभा. फोटो बदलत होते, ढग पळत होते, आणि तो तिथेच. कधी कठड्याच्या ह्या बाजूला, कधी त्या बाजूला, पण दात घासतोय आणि बघतोय. तीन-चार सेकंदांनी तो नाहीसा झाला.

खोली हसून हसून फुटली. "अहो, हे तर जावई!" मिश्राजी ओरडले, "अरे भाईसाहब, ये तो आप हैं!"

मी होतो. गेल्या वर्षी आमच्या घराच्या फरश्या बदलायला काढल्या होत्या, तेव्हा आम्ही तीन आठवडे इथे मुक्कामाला होतो. रोज सकाळी मी गच्चीवर दात घासायला जायचो. किल्ला बघत दात घासण्यात जे सुख आहे ते तुम्हाला मी शब्दांत सांगू शकणार नाही. कॅमेरा माझ्या मागे होता, हे मला माहीतच नव्हतं म्हणा, किंवा माहीत होतं पण डोक्यात शिरलं नव्हतं.

आबा हसत सगळ्यांना सांगत होते, "आता जावयाला बाजूला सरका असं कसं म्हणायचं? म्हणून तसेच काढले फोटो."

सगळे पुन्हा हसले. मीही हसलो. आणि हसता हसता माझं हसू तोंडातच थिजलं. एका मिनिटात एक वर्ष. मी तपासताना आकाश बघितलं होतं. कोपरा नाही.

बरोबर एका मिनिटाने मी परत येणार होतो.

ते मिनिट मी आयुष्यात विसरणार नाही. उठून वायर ओढावी, तर मांडीवर नारळ, त्यावर शाल, आणि गुडघ्यावर आबांनी प्रेमाने ठेवलेला हात. समोर दिवाळी गेली. थंडी आली, धुक्यात किल्ल्याची नुसती वरची रेघ उरली. होळी गेली. ऊन चढलं, सगळं पांढरं झालं. मी मनात म्हणत होतो, थांब रे, उन्हाळ्या, थोडा थांब. इतक्या जवळून मी किल्ला कधीच बघितला नव्हता. तो फार सुंदर होता आणि मला घाम फुटला होता. पहिला पाऊस पडला. टेकडी हिरवी झाली. पोळा आला.

आणि मी आलो. बनियन, हिरवा टॉवेल, ब्रश.

ह्या वेळी कुणी हसलं नाही. ज्या सासूबाईंना चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता येत नाही, त्यांनी मला पहिल्या फोटोत ओळखलं.

"अगं, हे तर परत आले."

"फूफाजी," गार्गी मागून म्हणाली, "पर इस साल तो तुम्ही दहाच्या आधी कधी आलातच नाही ना?"

आबांनी हात वर केला. "थांबव."

गार्गीने फिल्म थांबवली. नेमकी अशा जागी की मी अर्धा वळलेला, गालात ब्रश, आणि पाठीमागे अख्खा किल्ला. आबा उठले, चादरीपाशी गेले आणि चष्मा सारून बघत राहिले. शेताच्या बांधावरची खूण शोधणारा माणूस तो, त्याला काय लागतं?

"मिश्राजींच्या गच्चीवरची पाण्याची टाकी इथे काळी आहे," ते म्हणाले. "यंदा ती त्यांनी पांढरी रंगवली. हे गेल्या वर्षीचं आहे." मग ते माझ्याकडे वळले. "मिलिंदराव, माझे दिवस कुठे आहेत?"

मी उभा राहिलो. नारळ घरंगळत मिश्राजींकडे गेला. तीस-चाळीस माणसांसमोर मी सगळं सांगितलं. पूजा, कप्पे, पहिला पाट, नंबर, आणि मी 'वाचतं' म्हणालो ते.

"म्हणजे गेले?"

"गेले, आबा."

"आमच्याकडून काही चुकलं का? पूजेत?"

"नाही. माझ्याकडूनच. पुसले गेले, आपोआप."

त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. मग जरा हळू आवाजात म्हणाले, "पितृपक्षात एका सकाळी असा पाऊस होता की किल्ला दिसतच नव्हता. नुसतं पांढरं. ही म्हणाली, आज कशाला काढता, काही येणार नाही. मी छत्री धरून काढला. तो फार चांगला आला होता हो."

मला रडू आलं. आता हसून सांगतो, पण त्या क्षणी जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. ओरडले असते तर सोसलं असतं. ते ओरडले नाहीत. परत येऊन गादीवर बसले, माझी शाल नीट घडी करून बाजूला ठेवली, आणि गार्गीला म्हणाले, "हे खोटे आहेत तेवढे काढून टाक."

"मग तिथे क्या डालूँ, आबा? आगेवाले मागे सरकवू?"

"नाही. सरकवायचं नाही. काळं ठेव. जितके दिवस गेले तितके काळं. दिसू दे."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून हजीऱ्याला गेलो, सकाळी सहाला, आणि दोन्ही डिस्कचे नंबर पूर्ण लिहिले. सासूबाई शेजारी उभ्या राहून एकेक आकडा ताडून बघत होत्या. कार्ड आपोआप रिकामं होणंही बंद केलं. आबांनी त्या सकाळचा फोटो काढला आणि मी आधीच खाली जाऊन बसलो होतो.

ती फिल्म आता कुणीही पाहुणा आला की आबा दाखवतात. चहा झाला की पडदे ओढायचे. पाहुणा बघत बसतो, धुकं, ऊन, ढग, आणि किल्ला. शेवटच्या मिनिटात हिरवी टेकडी येते, आणि एकदम सगळं काळं होतं. साडेसहा सेकंद. बसून मोजलेत तर फार असतात हो. पाहुणा चुळबुळ करतो, मशीनकडे बघतो, आणि मग न राहवून विचारतो, "आबासाहेब, हा मध्येच एवढा अंधार कसला?"

आबा चादरीवरची नजर न काढता, अगदी आदराने सांगतात, "हे आमचे जावई."